धुण्याचे प्रश्न: चिखल, इरकल, वाकळ आणि बोअरचं पाणी

पावसाळा लागल्यापासून धुण्याबद्दलची पत्रं वाढली आहेत. बहुतेकांनी रंग वेगळे केलेले असतात, पण वजन आणि मळ यांचा विचार मागे राहतो. कपडे खराब होतात आणि मशीन झिजतं ते बहुधा तिथेच.

खानापूर तालुक्यातून एक ताई विचारतात: भातलावणीचे कपडे मशीनमध्ये टाकले की बाकीच्या कपड्यांवर तांबूस झाक येते. गरम पाण्यात धुतले तर जाईल का?

ताई, गरम पाण्याने फार फरक पडणार नाही. आपल्या लाल मातीचा रंग लोहाचा आहे. तो काही डागासारखा विरघळत नाही, माती धुऊन काढावी लागते. कपडे वाळले असतील तर आधी अंगणात झटका, ब्रश मारा. जून-जुलैत ते वाळतच नाहीत, तेव्हा उलटे करून नळाखाली धरा आणि खाली गढूळ पाणी यायचं थांबेपर्यंत खळबळा. विजारीच्या पायाची घडी उलगडून बघा, मूठभर माती तिथेच बसलेली असते. ही वाळू मशीनच्या पंपालाही त्रास देते. शेताचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, पांढऱ्यांत तर कधीच नाही.

झाक आलेल्या पांढऱ्या सुती कपड्यावर क्लोरीनचं ब्लीच घालू नका, लोहाचा डाग त्याने उलट पक्का बसतो. लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी लावून थोडा वेळ ठेवा आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच आणि लिंबू मात्र एकत्र कधीही येऊ देऊ नका, त्यातून विषारी वायू निघतो.

शहापूर, बेळगाव: सासूबाईंची इरकल मशीनमध्ये चालेल का?

नाही. इरकलीचं अंग सुती आणि पदर रेशमी असेल, तर दोघांचं पाण्यात वागणं वेगळं. पदराचा लाल रंग अंगावर उतरला तर तो निघणं कठीण. गार पाण्यात, हाताने, न पिळता धुवा आणि सावलीत वाळत घाला. रोजच्या सुती साड्यांची परीक्षा सोपी आहे: पदराच्या आतल्या बाजूला ओला पांढरा रुमाल दाबून धरा. रुमालाला रंग लागला, तर ती साडी एकटीच धुवायची. रंग लागला नाही तर जाळीच्या पिशवीत घालून, हलक्या प्रोग्रॅमवर.

चिकोडीहून एक काका लिहितात: साडेसहा किलोचं फ्रंट लोड आहे. नेमके किती कपडे घालायचे? वाकळ टाकली की पिळताना मशीन धडधडतं, जागचं सरकतं.

काका, मशीनवर लिहिलेले ६.५ किलो म्हणजे कोरड्या कपड्यांचं वजन, आणि तेही सुती कपड्यांच्या प्रोग्रॅमला. टेरिकॉट, नाजूक किंवा लोकरी कपड्यांच्या प्रोग्रॅमला निम्मं किंवा त्याहूनही कमी धरा. अंदाजासाठी सांगतो: शर्ट पाव किलोच्या आत, जीन्स सहाशे ते आठशे ग्रॅम, मोठा टॉवेल अर्धा किलो, डबल बेडची चादर पाऊण ते एक किलो. तराजू लागत नाही. कपडे सैल टाकल्यावर वरच्या बाजूला उभा तळहात सहज जायला हवा. फ्रंट लोडमध्ये कपडे वर जाऊन खाली आपटतात, त्यातूनच मळ निघतो. गच्च भरलं तर गोळा नुसता फिरतो, मधले कपडे कोरडे राहिले तरी नवल नाही. टॉप लोडवाल्यांनी साड्या, चादरी मधल्या खांबाभोवती गुंडाळू नयेत, बाजूने सैल सोडाव्यात.

आता वाकळ. जुन्या साड्यांचे थरावर थर, त्यामुळे ती पाणी पिते आणि तिचं वजन कितीतरी वाढतं. ते सगळं वजन ड्रमच्या एका बाजूला साचलं की धडधड होणारच. अशाने बेअरिंग आणि सस्पेन्शन लवकर जातात. जाड वाकळ मशीनमध्ये घालू नका, टाकेही उसवतात. पातळ गोधडी किंवा एकच चादर असेल तर सोबत दोन-तीन टॉवेल टाका, म्हणजे भार वाटला जातो. चारही पाय फरशीला नीट टेकलेत का तेही बघा, तिरपं मशीन रिकामं असतानाही डुगडुगतं.

उद्यमबाग भागातून: यजमान फाउंड्रीत आहेत. ऑइलचे डाग रॉकेलने पुसून कपडे मशीनमध्ये टाकते. चालेल ना?

कृपा करून थांबवा. रॉकेल, पेट्रोल, थिनर लागलेला कपडा मशीनमध्ये टाकणं म्हणजे आगीला निमंत्रण, ड्रायरमध्ये तर अधिकच. डागावर भांड्याचा साबण कोरड्यावरच चोळा, पंधरा मिनिटांनी धुवा आणि मग मशीनमध्ये टाका, पण ते कपडे वेगळेच. खिसे उलटे करा, लोखंडाचा बारीक चुरा तिथेच असतो.

निपाणी: बोअरचं पाणी आहे. काळ्या कपड्यांवर पांढरे ओरखडे राहतात, पावडर वाढवू का?

पावडर वाढवण्याआधी कपडे कमी करा. गच्च भरलेल्या मशीनमध्ये पावडर खळबळून निघतच नाही. मग पाकिटावर जड पाण्यासाठी दिलेलं माप वापरा, पावडर आधी बादलीत विरघळवा किंवा लिक्विड घ्या. फ्रंट लोडला त्याचीच कमी फेसाची पावडर लागते. शेवटी एकदा जादा खळबळणं लावा.