आरटीईच्या २५ टक्के जागांबद्दल संशोधन दाखवून पालकांना पटवता येतं का?

तुम्ही विचारलंय की मुलांच्या शाळेत आरटीईच्या मुलांबद्दल, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांवर आलेल्या गरीब मुलांबद्दल, कुरबूर चालू आहे, पालकसभेत संशोधन मांडून काही उपयोग होईल का.

होतो. पण मी आधी तोंडावर पडले होते. चेंबूर-गोवंडीकडे मी पालकांना आरटीईचे ऑनलाइन अर्ज भरायला मदत करते. पहिल्या सभेला प्रिंटआउटचा गठ्ठा घेऊन गेले आणि थेट साठच्या दशकातल्या कोठारी शिक्षण आयोगापासून सुरुवात केली! वीस मिनिटांनी एका आईने विचारलं, "ते ठीक आहे, पण माझ्या मुलाचे मार्क कमी होतील का?" एवढ्या गठ्ठ्यात त्याचंच उत्तर नव्हतं.

ते होतं अर्थतज्ज्ञ गौतम राव यांच्या अभ्यासात, 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये २०१९ साली आलेल्या. २००७ पासून दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांना गरीब मुलांना जागा द्याव्या लागल्या, त्यावरचा. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या आद्याक्षरावरून पडायचे. म्हणजे कोण कोणाशेजारी बसणार हे ना पालकांनी ठरवलं ना शिक्षकांनी, म्हणून तुलना पक्की. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त उदार निघाली, आणि रिले शर्यतीला जोडीदार निवडताना गरीब पण जास्त वेगाने धावणाऱ्या मुलाला कमी वेळा डावललं. हिंदी-गणितात फरक नाही. इंग्रजीत किंचित घट, आणि शिव्या थोड्या वाढल्या.

हे शेवटचं वाक्य मी आता सगळ्यात आधी सांगते. लपवलंत तर कोणीतरी मोबाइलवर शोधून तुमच्याच तोंडावर फेकेल. आणि अभ्यास ताणू नका: यात मोजलंय ते श्रीमंत मुलांचं काय झालं ते, गरीब मुलं किती शिकली ते नाही. मुलांना वाचता-गणित करता येतं का हे पाहणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाचे आकडेही आणू नका, ते ग्रामीण भागाचं असतं, मुंबईत कोण ऐकणार?

संस्थाचालकांपुढे मात्र यातलं काही चालत नाही. त्यांचं दुखणं सरकारकडे अडकलेली शुल्क प्रतिपूर्ती, म्हणजे या मुलांच्या फीपोटी सरकारने शाळेला द्यायचे पैसे. तिथे पुस्तकी उत्तर देऊ नका, त्यांच्यासोबत पाठपुराव्याच्या पत्रावर सही करा.

कोर्टाचा रस्ता तर वेगळाच. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या २५ टक्के जागांतून सूट, असा नियम राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैमध्ये तो रद्द केला, कारण नियम मूळ कायद्याच्या कलम १२(१)(क) च्या, म्हणजे या २५ टक्के जागा देणाऱ्या कलमाच्याच, विरोधात जातो. तिथे कायदा चालला, गरीब-श्रीमंत मुलं एकत्र शिकण्याचे फायदे नव्हेत.

दुसऱ्या वेळी मी एकच कागद नेला, मराठीत, अर्ध्या पानाचा. शिव्यांचं वाचल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ हसले, "त्या तर आमचा मुलगा सोसायटीच्या लिफ्टमध्येच शिकलाय." मग सभा सुरू झाली.