नासाचा पट्टा आणि आईचा गुडघा

प्रश्न : ताई, आईच्या (वय 68) उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन सात आठवडे झाले. काठी घेऊन घरात फिरते. जवळच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये 'अँटिग्रॅव्हिटी ट्रेडमिल' आली आहे. बाहेर 'नासाचं तंत्रज्ञान' असा बोर्ड आहे. बारा सेशनचे 18,000 रुपये सांगतात. हे खरंच नासाचं आहे का? असेल तर अंतराळातली वस्तू आमच्या गल्लीत पोचली कशी? आणि पैसे भरावेत का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बोर्ड खोटा नाही, पण गोष्ट अर्धीच सांगतो.

अंतराळात हाडांवर भार पडत नाही. खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने उतरते. इथे आईच्या वयाच्या बाईला तेवढी घट व्हायला साधारण वर्ष लागतं. म्हणून अंतराळ स्थानकावर रोज दोन-अडीच तास व्यायामासाठी राखून ठेवतात. पण ट्रेडमिलवर पळायचं तर पाय खाली टेकायला हवेत! त्यासाठी खांद्याला आणि कमरेला हार्नेस बांधून लवचिक दोऱ्यांनी माणसाला खाली ओढून धरतात. तो हार्नेस काचतो. शाळेत दप्तराचे बंद काचायचे, त्याच्या कितीतरी पट.

कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्रात रॉबर्ट व्हेलन या प्रश्नावर काम करत होते. त्यांना सुचलं ते असं : दोऱ्या कशाला? कमरेखालचं शरीर हवाबंद पेटीत घालावं, आतला दाब कमी करावा, म्हणजे माणूस आपोआप खाली ओढला जाईल. आणि मग त्याचंच उलट. जमिनीवर त्याच पेटीतला दाब वाढवला तर माणूस वर उचलला जाईल, गुडघ्यावरचं ओझं कमी होईल. तुमच्या गल्लीत आलंय ते हे उलट केलेलं रूप. अंतराळवीराला वजन हवं होतं, तुमच्या आईला ते नकोय.

पेटंट झालं, पण त्यानंतर कित्येक वर्षं कल्पना तिथेच पडून होती. 2005 मध्ये व्हेलन यांचे चिरंजीव शॉन यांनी नासाकडून परवाना घेऊन 'अल्टरजी' ही कंपनी उभी केली. पहिली गिऱ्हाइकं दवाखाने नव्हती, खेळाडूंचे संघ होते. महागडा खेळाडू आठवडाभर लवकर मैदानात उतरला तरी मशीनचे पैसे सुटतात, हा त्यांचा हिशेब. 2008 मध्ये औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली आणि मग रुग्णांसाठी दार उघडलं. 2023 मध्ये चालायला मदत करणारी यंत्रं बनवणाऱ्या रीवॉक रोबॉटिक्सने ही कंपनी 1.9 कोटी डॉलरला विकत घेतली.

मी स्वतः त्यावर चालले आहे. आधी निओप्रीनची (रबरासारख्या कापडाची) घट्ट चड्डी चढवायची (मला ती चढवायला दोघींची मदत लागली, हेही सांगून टाकते), तिची कड ट्रेडमिलभोवतीच्या हवाबंद पिशवीच्या तोंडाला चेनने जोडायची, मग पिशवी फुगते. दाब फार लागत नाही. ढोबळ हिशेबाने 70 किलोच्या माणसाचं निम्मं वजन पेलायला पाऱ्याचे 30-40 मिलिमीटर पुरतात. बीपी बघताना आम्ही दंडाचा पट्टा 160-180 पर्यंत फुगवतो, त्यावरून अंदाज करा. वजन 80 टक्क्यांपर्यंत कमी करता येतं, तेही एकेक टक्क्याने. पन्नासवर आणलं तेव्हा माझी कुरकुरणारी डावी टाच एकदम गप्प झाली. यंत्र उत्तम आहे, यात वाद नाही.

वाद पुढे आहे. एक विक्रेता माझ्याकडेही आला होता. मशीनचा हप्ता मांडून बघितला तर रोज किमान आठ माणसं ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चढायला हवी होती. गरज असलेले आठ गुडघे मी रोज कुठून आणू? मग गरज नसलेलेही चढवावे लागतात. मी चहा पाजून त्याला निरोप दिला.

आता आई. गुडघेबदलानंतर हा पट्टा सुरक्षित आहे का, हे अमेरिकेत तीसेक रुग्णांवर तपासलं गेलं. तो सुरक्षित ठरला. पण नेहमीचा व्यायाम करणारेही तितकेच सुधारले. सात आठवड्यांनी घरात काठीवर फिरणाऱ्या बाईला वजन हलकं करण्यापेक्षा दोन गोष्टी जास्त लागतात : गुडघा पूर्ण सरळ होणं आणि मांडीत ताकद येणं. आज घरी बघा. आईला पलंगावर पाय लांब करून बसवा, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुडघ्याखाली काही नको. गुडघा खाली टेकवायला सांगा. गुडघ्यामागची पोकळी तशीच राहत असेल तर पुढचे पंधरा दिवस तिथे खर्च करा, पट्ट्यावर नाही. वजन खूप असेल, दुसराही गुडघा झिजलेला असेल किंवा पडण्याच्या भीतीने पाऊलच उचलत नसेल, तर मात्र तीन-चार सेशन घ्यायला हरकत नाही. बाराचं पॅकेज नको. जखम पूर्ण भरली असेल आणि सर्जननी परवानगी दिली असेल, तर कमरेइतक्या पाण्यातही वजन निम्म्यावर येतं. आई तलावात उतरायला तयार होईल का, ते तुम्हीच जाणे. चड्डीला तरी कुठे तयार होणार आहे!

प्रश्न : पाच वर्षांच्या नातवाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) आहे. 'स्पेस सूट थेरपी' सुचवली आहे. उपयोग होईल का?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, याचं मूळ रशियन आहे. सोव्हिएत अंतराळवीर 'पेंग्विन' नावाचा सूट घालत. त्यात रबरी पट्टे शिवलेले, म्हणजे हात-पाय ताणायला जोर लावावाच लागे. 1990 नंतर तोच 'अडेली' नावाने मुलांसाठी आला. 2006 साली इस्रायलमधल्या संशोधकांनी 24 मुलं घेतली, निम्म्यांना सूटमध्ये आणि निम्म्यांना सूटशिवाय महिनाभर कसून व्यायाम दिला. दोन्हीकडे मुलं सुधारली. हालचालींच्या कौशल्यात सूटवाले काही पुढे गेले नाहीत. म्हणजे काम केलं ते रोजच्या व्यायामाने. सुनेला सांगा, सूटचे पैसे वर्षभराच्या फिजिओथेरपीकडे वळवा. तिथे जाण्यायेण्याचा रिक्षाखर्चसुद्धा त्यातच धरा. मुलांचे व्यायाम बहुतेक वेळा तिथेच तुटतात.

प्रश्न : पाठदुखीसाठी 'नासाची' मेमरी फोम गादी घ्यावी का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : तो फोम 1966 मध्ये नासाच्या कामातूनच निघाला, पण विमानातल्या आसनांसाठी. पाठदुखीचा त्यात विचार नव्हता. दुकानात दहा मिनिटं झोपून बघा. कुशीवर वळताना रुतल्यासारखं वाटलं तर घेऊ नका. आणि उष्णतेने हा फोम आणखी मऊ पडतो. दुकानात एसी असतो, तुमच्याकडे मे महिना असतो.