फ्रँकफर्टहून एका दिवसात ऱ्हाईन बघायची तर कुठल्या काठाने जावं?

ऑफिसच्या कामाला फ्रँकफर्टला जाताय, एक रविवार मोकळा आहे आणि ऱ्हाईन बघायची आहे, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक सांगतो, फ्रँकफर्ट ऱ्हाईनवर नाही, माइन नदीवर आहे. ती पुढे माइन्झला ऱ्हाईनला मिळते. मी सहा वर्षं त्या माइन्झमध्येच राहतोय.

बिंगन ते कोब्लेंझ हा साधारण ६५ किलोमीटरचा पट्टा बघण्यासारखा. २००२ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. बिंगनपर्यंत ऱ्हाईन ऐसपैस पसरलेली असते. तिथे ती पाटीच्या दगडाच्या डोंगरात घुसते आणि एकदम अरुंद होते. दोन्ही काठांना रेल्वे आहे. तुम्ही डाव्या काठानेच जा, म्हणजे माइन्झ, बिंगन, बाखाराख, सांक्ट गोआर. लोरेलायचा प्रसिद्ध कडा उजव्या काठावर आहे आणि त्या बाजूची गाडी बोगद्यातून नेमकी त्याच्या पोटातून जाते. कडा दिसणार कुठून? कड्यावर बसून केस विंचरणारी सुंदरी खलाशांना भुलवून बुडवायची, अशी गोष्ट सांगतात. खरी भीती वळणाची. नदी तिथे आवळलेली आहे, पाणी सुमारे २५ मीटर खोल आहे आणि समोरून येणारं जहाज दिसत नाही. आजही तिथे जहाजांसाठी दिव्यांचे सिग्नल आहेत.

सगळे किल्ले बघायच्या नादी लागू नका, चौथ्यानंतर सगळे सारखे वाटायला लागतात. उजव्या काठावरच्या काउब गावासमोरचा मात्र बघाच. तो थेट नदीच्या मधोमध, खडकावर आहे, टोकदार आणि पांढरा. तो होता जकात नाका! चौदाव्या शतकात येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांकडून वसुली करायला बांधलेला.

आणि हो, माइन्झ सोडल्यावर कोब्लेंझपर्यंत नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट पकडायची. सांक्ट गोआरला बांधू बांधू म्हणून पुलावर वर्षानुवर्षं वाद चाललाय. आई-बाबा आले होते तेव्हा आमची खोली बाखाराखला होती आणि आम्ही काउबला जेवत रेंगाळलो. शेवटची फेरीबोट गेली. मग उजव्या काठाने वीसबाडन, तिथून माइन्झला नदी ओलांडून पुन्हा डाव्या काठाने तेवढंच बाखाराखपर्यंत. बाबा वाटभर एक शब्द बोलले नाहीत. तेव्हा फेरीबोटीची वेळ आधी बघून ठेवा.

बोट घ्यायची असेल तर प्रवाहाबरोबर, म्हणजे बाखाराखहून सांक्ट गोआरकडे जाणारी घ्या. उलट दिशेला बराच जास्त वेळ लागतो. हिवाळ्यात मात्र बोटींवर विसंबू नका.

काउबला पाण्याची पातळी दाखवणारा मापक आहे, तोही बघा. २०१८ आणि २०२२च्या उन्हाळ्यांत पातळी इतकी खाली गेली की मालवाहू जहाजं अर्धवट भरून चालवावी लागली.