नर्सनं धोरणात काय करायचं?

नमस्कार दादा,

पाटण तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आरोग्य उपकेंद्रावरची पोस्टिंग झाल्यापासून विचारतेय, ‘तीन हजार माणसांमागे एक उपकेंद्र, हा हिशेब कुणी घातला? आपल्या वाड्या केवढ्या लांब लांब!’ तिला आता आरोग्य धोरणात काम करायचंय. तुम्हाला वाटतं, ते साहेबलोकांचं काम, नर्सचं नव्हे.

दादा, तिनं विचारलाय तो धोरणाचाच प्रश्न आहे. सपाटीवर 5,000 आणि डोंगरी भागात 3,000 हा निकष डोकी मोजतो, पायपीट मोजत नाही. बाळाला टॉवेलात गुंडाळून, भर पावसात ओढा ओलांडून डोस द्यायला आलेली बाई नर्सच्या समोर उभी असते. वरच्या कचेरीत तिची नुसती बेरीज पोचते. आधुनिक नर्सिंगचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला हातातल्या दिव्यापुरत्या ठाऊक. पण क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मेले, हे त्यांनी आकडे मांडून सरकारला पटवलं.

पदवी झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करायची. मग लगेच पुढचं शिक्षण नको, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी दोन-तीन वर्षं समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रात काढू दे. ही पदं कंत्राटी असतात, पण औषधं संपली की काय होतं, एका बाईच्या मागे किती रजिस्टरं असतात, हे तिथंच कळतं. त्यानंतर एम.पी.एच., म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी करावी. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था किंवा पुणे विद्यापीठ, दोन वर्षांचा अभ्यासक्रम. एक्सेल आणि इंग्रजी लेखन मात्र आत्तापासूनच.

‘धोरण नर्स’ अशी जाहिरात येणार नाही. कार्यक्रम व्यवस्थापक, सल्लागार, संशोधन सहायक अशा नावांनी ही कामं निघतात. सुरुवातीला आखातातल्या नर्सएवढा पैसाही नाही. घरावर कर्ज असेल तर तिच्याशी मोकळेपणानं बोला. आधी चार पैसे जोडून मग या वाटेला लागलं, तरी काही बिघडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत तिला एक काम द्या. प्रत्येक वाडीतून उपकेंद्रापर्यंत चालत किती वेळ लागतो, ते तिनं वहीत टिपावं. तिच्याबरोबर तुम्हीही जा. डोंगरातल्या पायवाटा तुम्हाला जास्त माहीत आहेत.