विषय मुलीचा आहे, तो तिलाच ठरवू द्या

आपल्या मुलीने पीएच.डी.साठी बॅटरीतील इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे विद्युतभारित कण (आयन) वाहून नेणाऱ्या पदार्थाची, ओलावा सोसण्याची क्षमता वाढवण्याचा विषय घेतला आहे, आणि तो दुय्यम असल्याने तिने साठवणक्षमतेवर काम करावे, असे आपले मत आहे; तिला एम.एस्सी.त कमी गुण असल्याची चिंताही आपण लिहिली आहे. मला विषयापेक्षा आपल्या पत्रातील एका वाक्याची अधिक काळजी वाटली. तिला न सांगता आपण तिच्या मार्गदर्शकांना फोन करून विषय बदलण्याची विनंती केली आहे. ज्यांच्यासोबत तिला काही वर्षे काम करायचे आहे, त्यांच्या मनात सुरुवातीलाच ‘हिचे निर्णय घरचे घेतात’ अशी शंका निर्माण होणे हे एम.एस्सी.तील कमी गुणांपेक्षा फार महागात पडते. हा फोन केल्याचे तिला आजच सांगा आणि यापुढे असा फोन करू नका. प्रवेश परीक्षा आणि मुलाखत पार पडलेली असल्याने गुणांची चिंता आता सोडावी.

‘कारखाने हवेतला ओलावा काढलेल्या कोरड्या खोलीत बॅटऱ्या बनवतातच, मग यात संशोधन कसले?’ हा आपला प्रश्न गैरसमजातून आला आहे. प्रचलित लिथियम-आयन बॅटरीतील लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार पाण्याच्या अंशानेही विघटित होऊन हायड्रोजन फ्लुओराइड तयार करतो, आणि ते धन इलेक्ट्रोडमधील धातू विरघळवते व ऋण इलेक्ट्रोडवरील संरक्षक थर बिघडवते. कोरडी खोली हा धोका टाळते, मात्र ती चालवायला वीज भरपूर लागते. द्रवाऐवजी वापरायचे घन सल्फाइड (गंधकयुक्त) इलेक्ट्रोलाइट तर दमट हवेत विषारी हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्यांच्या रचनेत ऑक्सिजन मिसळून त्यांना स्थिर करता येते, पण तो जास्त झाला की लिथियम आयनांची वाहकता घटते. खरे संशोधन या ओढाताणीतच आहे. लिथियम इंडियम क्लोराइड हा दुसरा घन इलेक्ट्रोलाइट पाण्यात तयार करून, तापवून कोरडा केला तरी आयनवाहक राहतो, परंतु इंडियम महाग आहे. ज्या विषयात इतके प्रश्न अजून खुले आहेत त्याला दुय्यम म्हणणे मला अजिबात मान्य नाही.

विचारायचेच असेल तर मुलीनेच मार्गदर्शकांना विचारावे: ग्लोव्ह बॉक्स (कोरड्या वायूने भरलेली, हातमोजे जोडलेली बंद पेटी) आणि इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) मोजण्याचे उपकरण नियमित वापरायला मिळेल का, नियंत्रित आर्द्रतेत चाचणी घेता येईल का, आणि ओलावा लागलेल्या पदार्थाचा प्रत्यक्ष सेल बनवून तो चालवून पाहता येईल का. या सोयी नसतील तर विषय बदलण्याआधी तिने प्रयोगशाळा बदलण्याचा विचार करावा.