नव्या घराभोवती बाग करून घ्यायची आहे. लँडस्केपर कसा निवडावा आणि झाडे कोणती लावावीत?

तुम्ही लिहिले आहे की घराचे बांधकाम नुकतेच संपले, पुढेमागे मोकळी जागा आहे, तिघांनी आराखडे दिलेत आणि तिन्ही इतके वेगळे आहेत की निवड करता येत नाही. मी बागा आखतो आणि बिघडलेल्या बागा सावरूनही देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आराखडे क्षणभर बाजूला ठेवा आणि पहिल्या भेटीत कोणी काय विचारले ते आठवा. पाणी कुठून येते, कडक उन्हाळ्यात पुरते का, दुपारचे ऊन कुठे पडते, पावसाचे पाणी कुठे साचते, घरात लहान मूल किंवा कुत्रा आहे का, बागेकडे रोज बघणारे कोण आहे, हे ज्याने विचारले त्याला काम कळते. खाली बसून माती उकरून पाहिली असेल तर फारच उत्तम. आल्या आल्या मोबाइलवरचे फोटो दाखवून ‘असे करून देतो’ म्हणणाऱ्याने तुमची जागा अजून पाहिलेलीच नाही.

फोटोंवर जाऊच नका. नवी बाग सगळ्यांचीच छान दिसते. तीन-चार वर्षांपूर्वी केलेले काम दाखवायला सांगा, तिथे स्वतः जा, त्या घरच्यांशी बोला. किती झाडे जगली? किती उपटावी लागली? जागा लगेच भरगच्च दिसावी म्हणून रोपे फार जवळजवळ लावण्याची पद्धत सर्रास आहे. दोन-तीन वर्षांत ती एकमेकांवर चढतात, आतल्या फांद्या वाळतात, कीड लागते आणि छाटणीचा खर्च कायमचा मागे लागतो. म्हणून आराखड्यात प्रत्येक झाडापुढे पूर्ण वाढल्यावरची उंची आणि घेर लिहून मागा. ज्याला तो आकडा सांगता येत नाही, त्याला ते झाड ठाऊक नाही.

आता मातीबद्दल, कारण माझ्या मते तुमच्या पैशांचा मोठा वाटा इथे जायला हवा. बांधकामात वरची सुपीक माती निघून जाते किंवा भरावाखाली गाडली जाते. उरतो तो राडारोडा आणि जड यंत्रांनी दाबून टणक झालेली जमीन. सिमेंट-चुन्याच्या तुकड्यांनी मातीचा अल्कधर्मीपणा (आम्लाच्या उलट गुण) वाढतो, मग लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही आणि नवी पाने पिवळी पडतात. अशा वेळी लोक खतावर खत घालत राहतात आणि उपयोग होत नाही.

एक चाचणी तुम्ही घरीच करू शकता. साधारण ३० सेंटीमीटर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा घ्या, पाण्याने भरा, ते पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते मोजा. २.५ ते ७.५ सेंटीमीटर उतरली तर निचरा चांगला. त्याहून कमी असेल तर तिथे उंच वाफे करा किंवा ओल सोसणारी झाडे निवडा. टणक जमिनीत खड्डा खणून फक्त त्यातच मऊ माती भरली, तर पाणी तिथेच तुंबते आणि मुळे बाहेर न पडता आतच फिरत राहतात. त्यापेक्षा सगळा पट्टा खोदून भुसभुशीत करून त्यात कंपोस्ट मिसळलेले बरे. खोदण्याआधी पाण्याचे, सांडपाण्याचे आणि विजेचे मार्ग माहीत करून घ्या, आणि जमिनीचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूला राहील हे पाहा.

लावणीच्या दिवशी तिथे उभे राहा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद हवा, पण खोली गोळ्याच्या उंचीएवढीच. बुंधा जिथे पसरून मुळांना मिळतो तो भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. तो गाडला गेला की झाड दोन-चार वर्षे बरे दिसते आणि मग कारण न कळता खंगत जाते. पिशवीत गोल गोल वाढलेली मुळे कापून मोकळी करायला सांगा. आळ्यात पालापाचोळ्याचे ५ ते ८ सेंटीमीटर आच्छादन घाला, मात्र ते खोडाला टेकू देऊ नका.

झाडांची नावे मी मुद्दाम देत नाही. तुमची माती, पाऊस आणि ऊन न पाहता दिलेली यादी उपयोगाची नाही. स्थानिक माणूस घेण्याचा मोठा फायदा हाच, की आसपास काय तग धरते हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. आपल्या भागात मूळचीच असलेली झाडे निम्म्याहून जास्त ठेवा. कित्येक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक झाडांचीच पाने खातात, ती झाडे नसतील तर फुलपाखरे येणार कुठून? उलट, शोभेसाठी अमेरिका खंडातून नेलेली घाणेरी आज भारत, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेत रानोमाळ पसरली आहे. ‘भराभर वाढते, काही करावे लागत नाही’ असे कोणी सांगितले की हे आठवा. लहान मुले असतील तर कण्हेर टाळा, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो.

मोठी तयार झाडे आणण्याचा मोह होईल. थंड प्रदेशांत असा ठोकताळा आहे की हलवलेले झाड सावरायला खोडाच्या दर इंच जाडीमागे सुमारे एक वर्ष लागते. लहान निरोगी रोप पुष्कळदा त्याला गाठते, आणि वाचलेले पैसे मातीला लागतात.

हिरवळ जिथे बसायची-खेळायची आहे तेवढीच ठेवा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. १०० चौरस मीटर हिरवळीला आठवड्याला २५ मिलिमीटर द्यायचे तर २,५०० लिटर लागतात. जास्त तहानेची रोपे एका पट्ट्यात आणि कमी तहानेची दुसऱ्या पट्ट्यात असतील तर पाणी आणि रोपे दोन्ही वाचतात.

करारात झाडांची शास्त्रीय नावे, संख्या आणि रोपांचा आकार, मातीत किती कंपोस्ट घालणार, मेलेले रोप किती काळापर्यंत बदलून देणार आणि पहिल्या वर्षी पाणी कोण घालणार, हे सगळे लेखी असू द्या. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि शेवटचा हप्ता लावणीनंतर काही महिन्यांनी ठेवा. एकदम सगळी बाग करायलाच हवी असे नाही. यंदा माती, उतार, पाण्याची सोय आणि मोठी होणारी झाडे एवढे उरका. झुडपे आणि फुलझाडे पुढच्या हंगामात लावा, तोवर सावली कुठे पडते आणि पाणी कुठून वाहते हेही तुम्हाला दिसलेले असेल.