वाचकांचे प्रश्न : लेकीकडे जातोय, कॅन्यनमध्ये उतरू का?

प्रश्न : दादा, आम्ही दोघं (वय ६१ आणि ६६) जुलैत लेकीकडे फिनिक्सला चाललोय. जावयांनी ग्रँड कॅन्यन, अँटिलोप कॅन्यन आणि झायन नॅशनल पार्कात नदीतून चालायचा तो नॅरोज ट्रेक, असा सगळा प्लॅन केलाय. लेक मात्र रोज फोनवर उन्हाची आणि पुराची भीती घालते. आम्ही मे महिन्यात आंबे उतरवतो, पावसात पऱ्या ओलांडून वाडीत जातो, आम्हाला ऊन-पाणी काय नवीन? तुम्हीच सांगा तिला. – एक काकू, गुहागर

उत्तर : काकू, सॉरी, मी लेकीच्या पार्टीत. ऊन-पाणी तुम्हाला नवीन नाही हे खरंच, पण तिथलं ऊन आणि तिथलं पाणी दोन्ही वेगळ्या चालीची आहेत, आणि माझ्या मते सवय असलेला माणूसच तिथे जास्त फसतो.

आधी ऊन. आपल्याकडे मे महिन्यात बनियन अंगाला चिकटतं, कपाळावरनं धारा लागतात, मग आपण आपसूक सावलीला टेकतो आणि तांब्याभर पाणी मागतो. तिथे हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो, अंग कोरडंच लागतं, माणूस म्हणतो मला कुठे घाम येतोय, आणि आतनं सुकत जातो, शर्टावर मिठाचे पांढरे डाग उमटले की मग कळतं. त्यामुळे तहान लागायची वाट बघू नका, फिरायच्या दिवशी माणशी चार लिटर पाणी धरा. पण नुसतं पाणी ढोसत राहिलात तरी पंचाईत, रक्तातलं मीठ पातळ होऊन उलट्या, चक्कर सुरू होते, म्हणून सोबत खारे शेंगदाणे नाहीतर ओआरएस हवंच. काकांना बीपीच्या गोळ्या असतील तर मिठाचं आधी डॉक्टरांना विचारा.

ग्रँड कॅन्यनचा साउथ रिम, म्हणजे दरीची दक्षिणेकडची कड, साधारण २,१०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा उंच, आणि दरी तिथून खाली जवळजवळ दीड किलोमीटर खोल. गडावर आधी चढ असतो, दमलात की उतरत घरी येता. इथे सगळं उलट, पाय ताजे असताना मजेत उतरायचं आणि दमल्यावर चढायचं, ते पण जसं खाली जाल तसं वाढत्या उन्हात. उतरायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरतात. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका असं पार्कवालेच सांगतात, आणि उन्हाळ्यात सकाळी दहा ते चार उतारावर राहूच नका म्हणतात. तुम्ही ब्राइट एंजल ट्रेलवर सकाळी लवकर थोडं उतरा, फोटो काढा आणि रिमवर परत या. जावई ‘अजून जरा’ म्हणाले तर त्यांना एकट्याला पाठवा!

आता पाणी. आपला पऱ्या वाढतो तेव्हा पाऊस आपल्या डोक्यावर पडत असतो. तिथे डोक्यावर निळंशार आभाळ आणि पाऊस पडतो भलतीकडे, उघड्या खडकावर, मुरायला माती नाही, मग ते सगळं पाणी कॅन्यनच्या चिंचोळ्या फटीत घुसतं. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटिलोप कॅन्यनमध्ये असंच झालं, पाऊस काही मैल वरच्या अंगाला, आणि खाली ११ पर्यटकांचा जीव गेला. सप्टेंबर २०१५ मध्ये झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये तसाच सात जणांचा जीव गेला. आणि तुम्ही जाताय तो जुलै म्हणजे तिकडचाही मान्सूनच. अँटिलोप तिथल्या मूळनिवासी नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे, गाइडशिवाय आत सोडतच नाहीत, त्यामुळे तिथे जा, गाइड नाही म्हणाला तर मात्र हुज्जत घालू नका.

नॅरोजचं म्हणाल तर आधी मैलभर पक्की पायवाट आहे, तिथपर्यंत खुशाल जा. पुढे नदी हाच रस्ता, बुळबुळीत गोटे, दोन्हीकडे सरळसोट कडे, पळायला जागा नाही. त्या दिवशीचा फ्लॅश फ्लडचा, म्हणजे अचानक येणाऱ्या पुराचा, अंदाज व्हिजिटर सेंटरला बघूनच पुढचं ठरवा. काठी, बूट भाड्याने मिळतात, घ्याच. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला की काय समजायचं हे तुम्हाला मी सांगायला नको, फक्त तिथे काठ नाही एवढं लक्षात ठेवा, लगेच मिळेल त्या उंच जागेवर चढायचं. आणि नदीचं पाणी तोंडात घालायचं नाही, त्यात विषारी शेवाळ सापडलंय.

प्रश्न : अमेरिकेला जायला पैसे नाहीत. इथे जवळ असं काही? – कॉलेजवाला, चिपळूण

उत्तर : आंध्रातलं गंडिकोटा, पेन्ना नदीची घळ, हिवाळ्यात जा. अजून जवळ हवं तर पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, वाळवंट नाही, बेसाल्ट आहे, पण पाण्याने दगड कसा कोरला ते हाताच्या अंतरावर दिसतं. पावसाळ्यात दोन्हीकडे काठावर सेल्फी नको.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत युटातल्या मोआबला फिरून आला, म्हणतो तिथे वाट सोडून मातीवर पाय ठेवायचा नाही. एवढे लाड कशाला? – मालवणहून

उत्तर : लाड नाहीत हो. ती काळपट, खडबडीत दिसणारी माती जिवंत असते, त्यात सायनोबॅक्टेरिया (एक प्रकारचे जिवाणू), लायकेन (दगडफूल), शेवाळ असतं, त्यांच्या धाग्यांनी वाळू धरून ठेवलेली असते. एक पाऊल पडलं की कवच मोडतं आणि भरून यायला वर्षानुवर्षं लागतात. म्हणून चालायचं ते वाटेवरनं, नाहीतर उघड्या खडकावरनं किंवा कोरड्या ओढ्यातनं. तिथल्या खडकांवरच्या जुन्या कोरीव चित्रांनाही हात लावत नाहीत, हाताचं तेल लागून खराब होतात. आपल्याकडे रत्नागिरीच्या सड्यावर लोक कातळशिल्पावर चपला घालून उभे राहून फोटो काढतात, त्यांना मुलाचा नंबर द्या.